अनंताची फांदी

गेल्या वर्षी आषाढात एका तालुक्याच्या गावी वाचनालयाने मला ‘परसातली फुले’ या विषयावर बोलायला बोलावले होते. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी, हिशेबनिसाची नोकरी आणि उरलेल्या वेळात कोशांतली, निघंटूंतली आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवरची झाडांची नावे जुळवत बसण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, “अनंत हे झाड मूळचे आपले नाही. ते चीन-जपानकडचे.”

पुढच्या रांगेतल्या ऐंशीच्या घरातल्या एक काकू उभ्या राहिल्या. “तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल हो. पण मी साठ वर्षं अनंत चतुर्दशीला अनंताचं फूल वाहते आहे. माझ्या आधी सासूबाई वाहायच्या. देवाचंच नाव आहे त्याला. ते परकं कसं असेल?”

मी काहीतरी उत्तर दिले. टाळ्या पडल्या त्या काकूंना. एसटीने घरी परतताना माझे उत्तर मलाच अपुरे वाटत राहिले. माहिती खोटी नव्हती, पण काकूंचा प्रश्न माहितीपुरता नव्हता. साठ वर्षे ज्या झाडाला पाणी घातले, त्याला एक पाहुणा व्याख्याता येऊन ‘हे तुमचे नव्हे’ असे कसे म्हणू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न.

झाड कोणते?

आधी ओळख पक्की करून घेऊ, कारण अनंत म्हणून तगर दाखवली जाण्याचा आणि तगर म्हणून अनंत विकला जाण्याचा प्रकार मी कितीदा तरी पाहिला आहे. दोन्ही सदाहरित झुडपे, दोघांची पाने चकचकीत, दोघांची फुले पांढरी आणि दोघांतही भरगच्च पाकळ्यांचे प्रकार. फरक ओळखायला सोपा आहे. पान खुडून पाहावे. पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो.

अनंताची पाने समोरासमोर, कधी तीन-तीनच्या झुबक्यात येतात. शिरा उठून दिसतात आणि वरची बाजू तेल लावल्यासारखी तुकतुकीत असते. कळी पिळदार असते. ओले फडके पिळून उभे धरावे तशी. कळीखाली सहा लांब, हिरवी, टोकदार दले असतात आणि फूल गळेपर्यंत ती टिकतात. उमलताना फूल शुभ्र असते, दुसऱ्या दिवशी साईसारखे होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळट पडते. सुगंध मात्र पिवळ्या फुलालाही असतो. म्हणून आमच्या घरात अनंताचे फूल शिळे झाले तरी टाकत नसत. ते कपड्यांच्या कपाटात जाई.

शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. हिंदी-बंगालीत गंधराज. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफीचे, सिंकोन्याचे, कदंबाचे, मंजिष्ठेचे आणि आपल्या रानातल्या गेळाचे. जाई, जुई, मोगरा यांचे कुळ निराळे. सुगंध आणि पांढरा रंग सोडला तर अनंताचे त्यांच्याशी काही नाते नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे युरोपात याच मुद्द्यावर मोठा घोळ झाला.

‘अनंता’ आणि अनंत

काकूंच्या बाजूने बोलणारा पुरावा शोधायचा, तर संस्कृत कोश उघडायला हवेत. मीही उघडले. अमरकोशात ‘अनन्ता’ हा शब्द सापडतो, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. शब्द सापडला की झाड सापडले असे वाटते. पण कोशातली ही अनन्ता स्त्रीलिंगी आहे आणि ते एकाहून अधिक वनस्पतींचे नाव आहे. एक दूर्वा, कारण ती कितीही खुडली तरी पुन्हा फुटते आणि जमिनीवर पसरत जाते. दुसरी सारिवा, म्हणजे आपल्या आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारे अनंतमूळ. सारिवेची वेल असते आणि तिची मुळे सुगंधी असतात. त्यांचे सरबत उन्हाळ्यात पितात. पृथ्वीलाही अनन्ता म्हटले आहे. आपल्या परसातल्या पांढऱ्या फुलाचे वर्णन या अनन्तांपैकी एकीलाही जुळत नाही.

तेव्हा ‘आयुर्वेदात अनंताचे उल्लेख आहेत’ असे कुणी सांगितले, तर आधी विचारावे, कोणत्या अनंताचे? अनंतमुळाचे गुण अनंताच्या फुलाला चिकटवलेली पुस्तके मी पाहिली आहेत. औषधाच्या बाबतीत असा नामसाम्याचा गोंधळ निरुपद्रवी नसतो.

अनंत चतुर्दशीचा संबंध वेगळा आहे. त्या व्रतात महत्त्व आहे ते चौदा गाठींच्या दोऱ्याला. तो दोराच ‘अनंत’ म्हणून पूजला जातो आणि हातात बांधला जातो. अनंताच्या झाडाला उन्हाळ्याच्या शेवटी बहर येऊ लागतो आणि पावसाळाभर थोडीथोडी फुले येत राहतात. भाद्रपदात ते फूल हाताशी असते आणि त्याचे नाव देवाचे आहे. घरातल्या बाईला ते पूजेत आणायला आणखी कोणते कारण लागते? पोथीत नसलेली गोष्ट घराच्या रीतीत अशीच येते आणि दोन-तीन पिढ्यांत पोथीइतकीच पक्की होते. काकूंची साठ वर्षे खोटी ठरत नाहीत. फक्त ती साठ वर्षे त्यांच्या घराची आहेत, अमरकोशाची नाहीत.

चार नावे, चार चुका

आपल्याकडे नावामुळे झालेली गफलत सांगितली. पण नावाच्या बाबतीत युरोपाने या झाडाशी केलेला खेळ त्याहून मोठा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या वुडफर्ड इथे रिचर्ड वॉर्नर नावाचे एक हौशी बागप्रेमी राहत होते. त्यांच्या काचघरात एक अपूर्व झुडूप फुलले. पांढरे, भरगच्च, सुगंधी फूल. एका जहाजाच्या कप्तानाने ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, केप ऑफ गुड होपहून आणले होते. सुगंध जाईचा आणि आले केपहून, म्हणून लोक त्याला ‘केप जॅस्मिन’ म्हणू लागले. इंग्रजीत ते नाव आजही चालते. पोर्तुगीज भाषेतही तसेच, ‘जास्मिम-दो-काबो’. खरे तर केप हा त्या काळच्या पूर्वेकडच्या जहाजांचा थांबा होता. तिथे पाणी भरत, भाजी भरत, झाडेही उतरत आणि चढत. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या माणसाला मुंबईकर म्हणावे तसे हे झाले. आफ्रिकेत गार्डेनियाच्या स्वतंत्र जाती आहेत, पण ही त्यांतली नव्हे.

लंडनचे जॉन एलिस हे व्यापारी होते आणि निसर्गाचे मोठे अभ्यासकही. त्यांनी फूल उघडून पाहिले आणि ही जाई नव्हे हे ओळखले. नव्या प्रजातीला वॉर्नर यांचे नाव द्यावे असे त्यांच्या मनात होते, पण वॉर्नर यांनी नको म्हटले. एलिस यांचे एक स्नेही अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन इथे होते, डॉ. अलेक्झांडर गार्डन. मूळचे स्कॉटलंडचे, पेशाने वैद्य. अमेरिकेतल्या झाडांचे आणि प्राण्यांचे नमुने ते युरोपात पाठवत. आपल्या या मित्राच्या नावाची एक तरी वनस्पती असावी, म्हणून एलिस स्वीडनच्या लिनियसला पत्रांवर पत्रे लिहीत होते. लिनियस सहजी मान्य करत नव्हता. अखेर १७६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एलिस यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि ‘गार्डेनिया’ हे नाव रूढ झाले. पुष्कळांना वाटते की गार्डेनिया म्हणजे गार्डनमधले, बागेतले. ते बागेचे नाव नव्हे, माणसाचे आडनाव आहे.

डॉ. गार्डन यांची पुढची हकीकत उदास आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते राजाच्या बाजूने राहिले आणि त्यांचा मुलगा बंडखोरांच्या बाजूने लढला. वडिलांची मालमत्ता जप्त झाली, त्यांना देश सोडावा लागला आणि १७९१ मध्ये लंडनमध्ये ते वारले. मुलाने आपल्या मुलीचे नाव गार्डेनिया ठेवले होते आणि आजोबांनी त्या नातीचे तोंडही पाहिले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

आता नावांचा हिशेब मांडू. प्रजातीचे नाव अमेरिकेतल्या एका स्कॉटिश वैद्याचे, आणि हे झाड अमेरिकेचे नव्हे. जातीचे नाव जॅस्मिनॉइडिस, म्हणजे ‘जाईसारखे’, आणि ते जाईच्या कुळातले नव्हे. इंग्रजी नाव केपचे, आणि ते केपचे नव्हे. आपल्याकडे अनंत, आणि ती कोशातली अनन्ता नव्हे. ज्याने त्याने आपल्या वाटेवर ते जिथे भेटले, तिथली खूण त्याच्यावर बांधली. झाड मुकाट्याने फुलत राहिले.

जिथे फळाला मान आहे

दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम हा या झाडाचा मुख्य मूळ प्रदेश. तिथल्या रानातला अनंत पाहिला तर आपण ओळखणार नाही. त्याचे फूल एकेरी असते. साधारण सहा पाकळ्या, मधे पिवळसर पुंकेसर, दिसायला साधे. आणि त्या फुलाला फळ धरते, लांबट, उभ्या कण्यांचे, पिकल्यावर नारिंगी. टोकाला ती सहा हिरवी दले मुकुटासारखी उरतात.

चीनमध्ये या झाडाचा मान फुलाआधी फळाला होता. फळात पिवळा रंग असतो. सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वीचा चिनी इतिहासकार सीमा च्येन याने आपल्या ग्रंथात धनाढ्यांविषयी एक प्रकरण लिहिले आहे. ज्याच्याकडे अनंत आणि मंजिष्ठा यांची हजार मू जमीन आहे, तो हजार घरांच्या जहागीरदाराच्या तोडीचा, असा हिशेब त्यात येतो. एकातून पिवळा रंग, दुसरीतून लाल. आणि योगायोग असा की दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. चिनी वैद्यकातही हे फळ ‘च्र-झ’ या नावाने प्राचीन काळापासून वापरात आहे.

जपानीत या झाडाला ‘कुचिनाशी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘तोंड नसलेले’. फळ पिकले तरी उकलत नाही, म्हणून. ‘गो’ नावाचा जपानी पटावरचा खेळ असतो. त्याच्या जाड लाकडी पटाचे पाय या फळाच्या आकाराचे कोरतात. भोवती बसलेल्या बघ्यांनी तोंड उघडू नये, चाल सुचवू नये, अशी ती मूक सूचना. आपल्या पारावरच्या बुद्धिबळाला असे पाय लावता आले असते तर किती भांडणे टळली असती! जपानात नववर्षाच्या पक्वान्नातली रताळ्या-चेस्टनटची गोड मेजवानी आणि मुळ्याचे पिवळे लोणचे यांना रंग या फळाचा देतात.

हा पिवळा रंग क्रोसिन नावाच्या द्रव्याचा. केशराचा रंगही त्याच द्रव्याचा. केशर आणि अनंत यांच्या कुळांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी दोन्ही झाडे आपापल्या वाटेने त्याच रंगापाशी पोचली. याचा फायदा भेसळ करणारे घेतात. केशरात अनंताच्या फळाचा अर्क मिसळला तर रंगावरून ओळखता येत नाही. पण अनंताच्या फळात जेनिपोसाइड नावाचे आणखी एक द्रव्य असते. केशरात ते नसते. प्रयोगशाळेत ते सापडले की चोरी उघडी पडते.

२०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या गटाने अनंताचा संपूर्ण जनुकसंच उलगडला. त्यातून कॉफी आणि अनंत या भावंडांची वाटणी कशी झाली ते कळले. जनुकांच्या प्रती लागोपाठ वाढत गेल्या. कॉफीच्या घरात त्यांतून कॅफिन तयार करण्याची कला आली, अनंताच्या घरात क्रोसिन तयार करण्याची. सकाळचा कप आणि देवाचे फूल यांच्यात एवढाच दुरावा.

जेनिपोसाइडपासून जेनिपिन मिळते आणि ते प्रथिनांच्या घटकांशी मिसळले की गडद निळा रंग तयार होतो. म्हणजे एकाच फळातून पिवळाही आणि निळाही. जपानात हा निळा रंग खाद्यपदार्थांत पूर्वीपासून वापरतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्याला काही पेयांसाठी आणि गोळ्या-चॉकलेटांसारख्या पदार्थांसाठी परवानगी दिली. कृत्रिम रंगांना पर्याय शोधण्याच्या धडपडीत अनंताचे फळ आता पुन्हा बाजारात आले आहे.

आणि आपल्या परसातल्या अनंताला फळच धरत नाही. ते का, याकडे येऊ. पण त्याआधी काकूंसाठी एक गोष्ट सांगायला हवी.

आपले सख्खे चुलत

गार्डेनिया प्रजात पूर्णपणे परकी नाही. तिच्या काही जाती आपल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीला आपण लहानपणी चाखलेही आहे. तिचे नाव डिकेमाली.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांना हा शब्द ऐकताच तोंड वाकडे करावेसे वाटेल. बाळाला दात येताना पोट बिघडले, जंत झाले, की आजी काष्ठौषधीच्या दुकानातून डिकेमाली आणायची. हिरवट-पिवळा, चिकट, उग्र वासाचा डिंक. तो गार्डेनियाच्या दोन जातींपासून मिळतो, गमीफेरा आणि रेझिनीफेरा. फांद्यांच्या टोकांना, कोवळ्या कोंबांवर हा राळेसारखा रस पाझरतो आणि वाळतो. कोंबासकट तोडून तो विकायला आणतात. संस्कृत निघंटूंत त्याला नाडीहिंगू म्हटले आहे. गुरांच्या जखमांवर माश्या बसू नयेत म्हणूनही तो लावत. या झाडांची फुले पांढरी, एकेरी, सुवासिक असतात आणि अनंतासारखीच उमलल्यावर पिवळी पडत जातात. ज्या गोत्रात एवढा सुगंध, त्याच गोत्रात डिकेमालीचा तो उग्र दर्प, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

तेव्हा आपल्या वैद्यकात गार्डेनिया आहे, पण तो अनंताच्या नावाखाली नाही. ज्याला आपण देव्हाऱ्यात ठेवतो तो पाहुणा, आणि जी मूळची घरची ती कागदाच्या पुडीत. कोवळे कोंब सतत तोडल्याने या रानटी झाडाचे नुकसान होते, कारण त्या टोकांनाच पुढची वाढ आणि फुले असतात. परसातल्या अनंताबद्दल आपण हळवे होतो. या चुलत भावंडाची आठवण मात्र दुकानदारालाच उरली आहे.

भरगच्च फुलाची किंमत

आता फळाचा प्रश्न. आपल्या घरांत जो अनंत आहे तो बहुतेक ठिकाणी भरगच्च पाकळ्यांचा आहे. या जास्तीच्या पाकळ्या येतात कुठून? फुलातल्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. परागकण तयार करणारे अवयवच शोभेला लागले, तर बीज कुठून येणार? असा अनंत सहसा फळत नाही. निसर्गात असे झाड एकटेच जन्मते आणि एकटेच मरते. त्याच्या मागे वंश राहत नाही.

ते उरले ते माणसामुळे. कुणाच्या तरी नजरेला ते फूल आवडले, त्याने फांदी तोडून मातीत खोचली आणि ती जगली. त्या झाडाची फांदी दुसऱ्याने नेली. आपल्या परसातला भरगच्च अनंत हा बीजाचा नव्हे, फांदीचा आहे. ती फांदी ज्या झाडाची होती तेही आधीच्या कुणाच्या तरी फांदीवर वाढलेले. असे मागे मागे जात राहिले तर मधे एकही बी लागत नाही. माणसांचे हात मात्र लागतात, एकामागून एक.

वॉर्नर यांच्या काचघरातले ते पहिले झाडही भरगच्च फुलांचेच होते. त्याच्या फांद्या जेम्स गॉर्डन नावाच्या लंडनच्या रोपवाटिकावाल्याच्या हाती गेल्या. त्याने छाट कलमे करून ती जगवली, विकली आणि इंग्लंडच्या काचघरांतून अनंत पसरला. लिनियसने नाव मान्य केले काय नि न केले काय, झाड टिकले ते गॉर्डनच्या हातांमुळे.

आपल्याकडेही तेच झाले, फक्त पैशाविना. लेक सासरी जाताना, बदली झालेला शेजारी सामान बांधताना, माहेरपणाला आलेली बहीण परत निघताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी बरोबर जाते. याची नोंद कुठल्या दप्तरात नसते.

फांदी लावायची रीत सोपी, पण सबुरीची. पावसाळ्यात, ना फार कोवळी ना फार जून, वीतभर फांदी घ्यावी. पेराच्या लगेच खाली तिरका छेद द्यावा. खालची पाने काढावी, वरची दोन-चार ठेवावी आणि ती मोठी असतील तर अर्धी कापावी. निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत लावून सावलीत ठेवावी. वरून प्लास्टिकची पिशवी घातली तर ओल टिकते. दीड-दोन महिने लागतात. ओढून मूळ फुटले का पाहण्याचा मोह आवरावा. ज्यांना घाई आहे त्यांनी गुटी कलम बांधावे.

मातीचाही विचार हवा. अनंताला आंबटसर माती मानवते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत, भरपूर पावसात तो न सांगता वाढतो. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर त्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. कोकणातून पुण्यात आणलेला अनंत सुकला की आजी म्हणायची, ‘त्याला घरची आठवण येते.’ तिचे निदान शास्त्राला धरून नसेल, पण लक्षण तिने बरोबर टिपले होते. कुंडीत पानांचे कुजलेले खत घालावे, साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा सारखी बदलू नये, नाहीतर कळ्या गळतात.

पुन्हा काकूंकडे

व्याख्यानानंतर महिन्याभराने, श्रावणात, वाचनालयातून माझा नंबर घेऊन काकूंचा फोन आला. “तुमचं ते चिनी झाड तोडणार आहेत हो. वाडा बिल्डरला दिलाय. बघायचं असेल तर या.”

मी गेलो. मागच्या दारी विहिरीच्या कठड्याला लागून माणसापेक्षा उंच अनंत उभा होता. त्याचे खोड मनगटाएवढे जाड होते आणि दहा-बारा फुले उमललेली होती. मुकादम दोन दिवसांनी येणार होता. मोजणीच्या खुणा चुन्याने आखून झाल्या होत्या आणि त्यांतली एक बरोबर झाडाच्या बुंध्यावरून जात होती.

मी विचारले, “काकू, हे झाड कुणी लावलं?”

“सासूबाईंनी. त्यांनी आणलं नणंदेकडून, राजापूरहून. माझ्या त्या आत्तेसासूबाई. त्यांच्याकडे आलं ते त्यांच्या माहेरून म्हणायच्या. म्हणजे आमच्याच घरातून की! आमचं मूळ घर पलीकडच्या वाडीत होतं, तिथं होता अनंत. ते घर पडलं, झाड गेलं. मग राजापूरची फांदी परत इकडे आली.”

मी वही काढली आणि ते लिहून घेतले. एका फांदीचा एवढा स्पष्ट माग मला कुठल्या ग्रंथात मिळाला नव्हता. घरातून लेकीबरोबर गेलेले झाड, घर पडल्यावर लेकीकडून परत आलेले. व्याख्यानात मी सांगितलेली चीनची गोष्ट खरीच होती. पण ती सांगताना, ते झाड चीनपासून विहिरीच्या या कठड्यापर्यंत आणणारी माणसे मी वगळली होती. बी वाऱ्यावर येते, पाखराच्या पोटातून येते, ते झाड कुणाचे हा प्रश्नच नसतो. हे झाड कुणी दिल्याशिवाय आणि कुणी घेतल्याशिवाय येऊच शकत नाही. मग ज्यांनी दिले-घेतले त्यांचे ते नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मी हे काकूंना जमेल तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “ते सगळं खरं. आधी फांद्या काढा. पाऊस येतोय.”

आम्ही बारा फांद्या लावल्या. नऊ गेल्या, तीन जगल्या. एक काकूंच्या मुलीकडे ठाण्याला, सज्जातल्या कुंडीत आहे. काकूही आता तिथेच राहतात. दुसरी वाचनालयाच्या अंगणात लावली. तिसरी माझ्याकडे, काळ्या मातीच्या मुलखात. तिची पाने पिवळी पडू नयेत म्हणून मी पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवतो.

यंदा अनंत चतुर्दशीला मी काकूंना फोन केला. कुंडीतल्या रोपाला अजून फूल नव्हते. मी विचारले, मग पूजेला काय वाहिलेत?

“तगर वाहिली,” त्या म्हणाल्या. “देव काय रागावतो होय? पुढच्या वर्षी येईल फूल. आणि हो, खालच्या मजल्यावरची मुलगी विचारत होती, एक फांदी द्याल का म्हणून. मी म्हटलं, जरा मोठं होऊ दे.”